गाय विण्याआधीचे २१ दिवस आणि नंतरचे २१ दिवस: खुराक कसा द्यायचा

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथच्या गावांत नव्यानं दोन-चार गाई बांधणाऱ्यांच्या हातून खुराकाच्या दोन चुका होतात, आणि त्या बहुधा एकाच गाईवर होतात. आटलेली गाय दूध देत नाही म्हणून तिच्या गव्हाणीत उरलंसुरलं पडतं. तीच गाय व्याली की दूध वाढावं म्हणून दुसऱ्या दिवसापासून पेंडीचं पोतं मोकळं सुटतं. गाय बसते, खाणं सोडते किंवा तिला हगवण लागते, ते यानंतर. म्हणून या दीड महिन्यात किती घातलं यापेक्षा बदल किती हळू केला याला जास्त महत्त्व आहे.

खालचे सगळे आकडे साधारण ४५० किलो वजनाच्या, दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, १८ लिटरपर्यंत जाणाऱ्या होल्स्टिन संकरित गाईचे आहेत. ३५० किलोच्या जर्सी संकरितला याच्या पाऊणपट धरा. गीर किंवा गावठी गाईला विण्याआधीचा खुराक वजनाप्रमाणे आणि नंतरचा दुधाप्रमाणे. आपल्याकडच्या तबेल्यांत म्हशीच जास्त. त्यांनाही तत्त्व हेच लागू, फक्त म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विते.

आधी तारीख

सीमेन भरलेल्या तारखेत २८० दिवस मिळवा. ५ मार्चला भरली असेल तर १० डिसेंबर. तिथून ६० दिवस मागे, म्हणजे ११ ऑक्टोबरला गाय आटवायची. २१ दिवस मागे, म्हणजे १९ नोव्हेंबरला खुराक बदलायचा. या तीन तारखा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. गाय आठवडाभर मागेपुढे विते, कालवड आणि जुळं असलेली गाय आणखी आधी, त्यामुळे १९ तारखेची वाट शेवटच्या घडीपर्यंत बघू नका.

लोणी किंवा काष्टीच्या बाजारातून गाभण गाय आणणार असाल तर विकणाऱ्यानं सांगितलेला महिना हा अंदाज समजा आणि पशुवैद्यकाकडून हात घालून तपासून घ्या. माळशेज उतरून आणायची असेल तर आठवा महिना संपायच्या आत आणा. शेवटच्या चार-पाच आठवड्यांत चीक तयार होतो, आणि वासराला त्यातून मिळणारी प्रतिकारशक्ती तुमच्या गोठ्यातल्या जंतूंविरुद्धची हवी. शिवाय तिकडे कडबा आणि मका खाल्लेली गाय इकडे पेंढ्यावर आणि सुक्या गवतावर येते. पोटातल्या जंतूंना नवा चारा अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. विकणाऱ्याकडूनच त्याच्या पेंडीचं एखादं पोतं आणि थोडा कडबा विकत घ्या आणि आपला चारा त्यात मिसळत जा.

आटवल्यापासून शेवटच्या २१ दिवसांपर्यंत

आटवताना आठवडाभर आधी पेंड कमी करत न्या. दूध दिवसाला ८–१० लिटरच्या खाली आलं की धार एकदम बंद करायची. एक वेळ काढू, एक दिवसाआड काढू, असं लांबवलं की दगडीला, म्हणजे कास सुजून दूध नासवणाऱ्या आजाराला, दार उघडं राहतं. शेवटच्या धारेनंतर चारही सडांत सोडायच्या औषधाच्या नळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोडा. पाणी मात्र कधीही तोडायचं नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यात तर नाहीच.

या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत गाईला चारा भरपूर आणि पेंड बेताची. रोजचा हिशेब असा: कापलेलं हत्ती गवत २० किलो, सुकं गवत ४–५ किलो, गोळी पेंड किंवा घरचं आंबोण १ किलो, मिनरल मिक्श्चर ५० ग्रॅम, मीठ २५–३० ग्रॅम. हिरवा चारा नसेल आणि नुसता भाताचा पेंढा असेल तर आंबोण २ किलोवर न्या, कारण पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३–४ टक्के असतात. पोट भरतं, पण गाय आतून खंगते.

तिची अंगकाठी हातानं बघा. शेवटच्या बरगड्यांवर तळवा फिरवला की बरगड्या थोडा दाब दिल्यावर लागल्या पाहिजेत. नुसत्या नजरेनं मोजता येत असतील तर गाय हडकली आहे, दाबूनही लागत नसतील तर माजली आहे. माजलेली गाय बघायला छान वाटते आणि विण्याच्या वेळी सगळ्यात जास्त त्रास देते: तिची भूक आधी मरते, अंगावरची चरबी यकृतात साठते, आणि जार (वार) अडकण्यापासून कितनबाधेपर्यंत (किटोसिस, चरबी वितळून होणारा आजार) सगळं तिलाच होतं. पण माजली म्हणून या दोन महिन्यांत तिला उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका. ते काम आधीच्या वेताच्या शेवटी करायचं असतं.

शेवटचे २१ दिवस

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण चांगल्या मनानं केलेलं इथंच नडतं.

गाय व्याली की कासेतून कॅल्शियम जोरात बाहेर पडतं. दर लिटर चिकात साधारण २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. उलट गाईच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ते ३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पहिल्याच दिवसाचा आठ-दहा लिटर चीक रक्तातल्या साठ्याच्या कितीतरी पट कॅल्शियम ओढून नेतो. ही तूट गाय हाडांतून आणि आतड्यांतून भरून काढते, पण ती यंत्रणा आधीपासून चालू असावी लागते. गाभण गाईला रोज बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं तर ती यंत्रणा निजून राहते आणि व्याल्यावर जागी व्हायला दोन-तीन दिवस घेते. तेवढ्यात गाय बसते. हाच दुग्धज्वर, ज्याला सगळे मिल्क फिव्हर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग गार पडतं.

म्हणून या तीन आठवड्यांत पातळ कॅल्शियमची बाटली बंद. चुनखडीची पूड बंद. लसूणघास, बरसीम, शेवग्याचा पाला बंद. नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजारातून कोबी-फ्लॉवरचा पाला स्वस्तात मिळतो आणि तो टेम्पोनं गोठ्यांवर येतो. फ्लॉवरच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं, तो या गाईसमोर नको. (दुभत्या गाईला थोडा चालेल, पिशव्या, रबर आणि आख्खे बटाटे निवडून काढल्यावर. आख्खा बटाटा घशात अडकून गाय फुगते.) शेणखत-युरियावर फोफावलेलं कोवळं हत्ती गवतही कमी करा. त्यात पोटॅशियम जास्त, आणि ते कॅल्शियम हाडांतून सुटू देत नाही. खाण्याचा सोडाही याच कारणानं विण्याआधी द्यायचा नाही. तो नंतरचा.

मग द्यायचं काय? मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी कुट्टी) या काळासाठी उत्तम, कारण त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी. रोज मुरघास १२ किलो, सुकं गवत किंवा पेंढा साडेतीन किलो, आणि २०–२२ टक्के प्रथिनांची गोळी पेंड. ही पेंड पहिल्या दिवशी १ किलो, मग दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो वाढवत विण्याच्या आठवडाभर आधी ३ किलोवर आणून थांबवा. व्याल्यावर जी पेंड घालणार तीच आता घाला, म्हणजे पोटाची आधीच ओळख झालेली असेल. मुरघास नसेल तर दाणा भरलेला हिरवा मका २० किलो कुट्टी करून.

पेंड घरी करायची असेल तर १०० किलोला मका भरडा ३२, सरकी पेंड २०, शेंगदाणा पेंड १८, गव्हाचा भुसा (कोंडा) १२, तूर किंवा हरभरा चुनी १०, तेल काढलेला भाताचा कोंडा ५, मिनरल मिक्श्चर २ आणि मीठ १ किलो. प्रथिनं १९ टक्क्यांच्या आसपास बसतात. शेवटच्या २१ दिवसांसाठी मात्र यातलं मिनरल मिक्श्चर आणि मीठ काढून वेगळी घाणी करा. कास सुजून कडक होण्यात जास्तीच्या मिठाचा हात असतो, विशेषतः पहिलारू कालवडीत. मीठ दिवसाला २० ग्रॅम पुरे.

मिनरल मिक्श्चरच्या जागी या काळासाठी ॲनायोनिक मिक्श्चर मिळतं, म्हणजे रक्त किंचित आम्लाकडे झुकवून हाडांतलं कॅल्शियम सुटू देणारे क्षार. ते द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, पाकिटावरच्या मात्रेनं. चव कडवट असते, म्हणून मुरघासात किंवा भिजवलेल्या आंबोणात कालवावं लागतं. काम होतंय का ते लघवीवरून कळतं. तीन-चार दिवसांनी गाईच्या लघवीचा सामू (पीएच) पट्टीनं बघा: एरवी ८ च्या वर असतो, तो ६ ते ७ मध्ये यायला हवा. साडेपाचच्या खाली गेला तर मात्रा जास्त झाली, गाय खाणं कमी करेल. पट्टी बघायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊच नका, कॅल्शियम कमी ठेवण्यानंही बरंच काम होतं. कालवडींना याची गरज नसते. आणि गाय व्याली त्याच दिवशी हे मिक्श्चर बंद.

आपल्या हवेत आणखी एक भानगड आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस कापलेल्या भातावर पडतो आणि तोच पेंढा उडवीत रचला जातो. महिन्यानं उडवी उघडली की आत काळा, कुबट वासाचा थर निघतो. दुभत्या गाईसमोरही तो टाकू नये, गाभण गाईसमोर तर नाहीच. बुरशीनं गाय गाभडते आणि यकृत बिघडतं. सरकी पेंडीलाही दमट हवेत गठ्ठे धरतात. पोती भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवायची नाहीत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवायची, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्तीची भरायची नाहीत.

शेवटच्या आठवड्यात गाईचं खाणं आपोआप कमी होतं, कधीकधी एक तृतीयांशानं. घाबरून पेंड वाढवू नका. चारा दिवसातून चार-पाच वेळा ताजा टाका, गव्हाणीत थोडा उरेल इतका. मोठी गाय कालवडीला ढकलून देत असेल तर दोघींना वेगळ्या बांधा.

विण्याच्या दिवशी

वासरू बाहेर आलं, गाय उभी राहिली, की पहिली गोष्ट पाणी. कोमट पाणी २० लिटर, त्यात गूळ पाव किलो, मीठ ५० ग्रॅम, गव्हाचा भुसा १ किलो. गाय हे एका दमात पिते, आणि आणखी मागितलं तर आणखी साधं पाणी द्या. ओल्या अंगानं पाणी बाधतं म्हणून दिवसभर पाणी तोडायची पद्धत काही घरांत अजून आहे. तिला काहीही आधार नाही, आणि त्यानं जार पडायलाही मदत होत नाही.

बाजरीचा घाटा, मेथी, सुंठ, बाळंतशेपा गाईला आवडतात. अर्धा-एक किलोचा घाटा दोन-तीन दिवस दिला तर बिघडत नाही. पण अर्धा लिटर गोडेतेल किंवा तूप बाटलीनं घशात ओतणं सोडा. तेलानं चारा पचवणारे जंतू मंदावतात, आणि ठसका लागून ते फुप्फुसात गेलं तर गाय हातची जाते.

दुसऱ्या वेतापुढच्या गाईला व्याल्यावर लगेच आणि बारा तासांनी कॅल्शियम जेलची एकेक ट्यूब द्या. आता कॅल्शियम चालतं, हवंच आहे. मात्र गाय उभी आणि नीट गिळणारी असेल तरच. मान टाकून बसलेल्या गाईच्या तोंडात काहीही घालायचं नाही. आधी कधी दुग्धज्वर झालेला असेल तर पहिले दोन दिवस कास पूर्ण कोरडी काढू नका, वासरापुरता आणि कास सैल पडेल इतकाच चीक काढा.

चिकाचं गणित: २५–३० किलोच्या वासराला दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे अडीच-तीन लिटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या एक-दोन तासांत. जार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही ही समजूत वासरं मारते, कारण चिकातली प्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जायचं दार तासातासाला बंद होत जातं आणि चोवीस तासांत जवळपास बंद होतं. ठाण्यातली ओळखीची मंडळी खरवसासाठी फोन करणारच. वासराचं पोट भरल्यावर उरेल तो चीक त्यांचा.

जार आठ ते बारा तासांत पडतो. त्यापुढे अडकला तर डॉक्टरांना बोलवा. त्याला दगड किंवा चप्पल बांधून ओढ लावू नका, गर्भाशय फाटतं किंवा बाहेर येतं. पडलेला जार गाईला खाऊ देऊ नका, पुरून टाका.

पुढचे २१ दिवस

पहिले तीन दिवस पेंड तीच, ३ किलो. चारा हवा तेवढा. चौथ्या दिवसापासून दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवा. या चालीनं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्ही ८ किलोवर पोचता. तोपर्यंत दूधही चढलेलं असतं: अंगपोषणाला दीड किलो आणि दर अडीच ते तीन लिटर दुधामागे १ किलो, असा १८ लिटरचा हिशेब साडेसात ते पावणेनऊ किलोवर येतो. सोबत मुरघास २० किलो आणि सुकं गवत २ किलो तरी पाहिजे. कोरड्या वजनात धरलं तर पेंड निम्म्याच्या पुढे जाऊ द्यायची नाही.

एका वेळी ३ किलोपेक्षा जास्त पेंड घालायची नाही. ८ किलोचे तीन-चार भाग करा, आणि आधी थोडा चारा, मग पेंड. रिकाम्या पोटी पेंड पडली की पोटात आम्ल होतं. मिनरल मिक्श्चर आता १०० ग्रॅम, मीठ ३०–४० ग्रॅम. पेंड ६ किलोच्या वर गेली की खाण्याचा सोडा दिवसाला ५० ते १०० ग्रॅम, पेंडीत विभागून. बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढे आतड्यात पचणारी चरबी) दर लिटर दुधाला १५ ग्रॅम. पाणी दिवसाला ८०–१०० लिटर समोर हवं, उकाड्यात त्याहून जास्त.

रोज सकाळी शेण बघा, कारण दुधाच्या फॅटच्या आकड्याच्या आधी शेण सांगतं. चांगलं शेण पडल्यावर दीड-दोन इंच उंचीचा गोल थर बसतो. ते पातळ, राखाडी, बुडबुड्यांचं, आख्खे दाणे दिसणारं असेल तर पेंड जोरात वाढली आहे: दोन पायऱ्या खाली या आणि सुकं गवत वाढवा. उलट शेण टणक आणि सुकं असेल, गाय पेंड सोडून नुसतं गवत चघळत असेल, दूध उतरत असेल आणि श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा गोडसर वास येत असेल तर ती कितनबाधा. ती बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येते. दुधात ऊर्जा जास्त जाते, खाण्यातून कमी येते, आणि अंगावरची चरबी वितळून रक्तात उतरते. घरोघरी यावर गूळ चारतात, पण गूळ पोटातच आंबतो, रक्तात साखर म्हणून फारसा पोचत नाही. डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात आणि पुढे प्रॉपिलीन ग्लायकॉल रोज ३०० मिलि, तीन ते पाच दिवस पाजायला सांगतात.

शिळी पोळी-भाकरी, लग्नातला भात, हॉटेलचं उरलेलं यातलं काहीही या गाईला नको. आपल्या उदाहरणातली गाय डिसेंबरात विते म्हणून सुटते. पण दिवाळीच्या आसपास व्यालेली असेल तर वसुबारसेला सोसायट्यांमधली माणसं सवत्स गाय शोधत ताटं घेऊन येतात, आणि तीस-चाळीस घरांच्या पुरणपोळ्या आणि भिजवलेले मूग एका पोटात जातात. संध्याकाळी पोट तुंबतं. एक घास ओवाळणीचा चारू द्या, बाकीचं टोपलीत घ्या.

पहिले दहा दिवस रोज सकाळी ताप मोजा. १०१–१०२ अंश फॅरनहाइट ठीक. १०३ च्या वर असेल तर गर्भाशयात किंवा कासेत काहीतरी पिकतंय. आणि पहिले तीन दिवस जाता-येता कानाच्या मुळाशी हात लावा. कान गार, नाकपुडी कोरडी, चाल डळमळीत, शेण थांबलेलं, ही दुग्धज्वराची सुरुवात. पुढे गाय मान वळवून कुशीवर टेकवते. या वेळी तिला छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना पेंढ्याचे भारे लावा म्हणजे ती आडवी होऊन फुगणार नाही, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर फोन करा. कॅल्शियमची बाटली शिरेतून स्वतः किंवा शिकाऊ माणसाकडून लावून घेऊ नका. ती कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, हळूहळू द्यावी लागते, भराभर गेली तर हृदय तिथेच थांबतं. वेळेत दिली की बऱ्याचदा गाय तासाभरात ढेकर देते, शेण टाकते आणि उठते. उठल्यावरही पुढचे दोन दिवस नजर ठेवा, काही गाई पुन्हा बसतात.